तुझ्या आवाजाची कॅसेट

भाऊ, तू गेलास, परवा तुझं पुण्यानुमोदन आहे आणि तुझी पोरगी हट्टाला पेटली आहे. तिला त्या दिवशी मांडवात, सगळ्यांपुढं, तुझा आवाज लावायचा आहे. तुझा आवाज गेला तेव्हा प्रज्ञा तीन वर्षांची होती. आता अकरा संपून बारावं लागलं, आणि बाप कसा बोलायचा हे तिला काही केल्या आठवत नाही. लोक भेटायला येतात, चहा पितात आणि तिला सांगतात, की तुझा बाप दारव्ह्याच्या बाजार यार्डात मालाचा लिलाव करायला, हर्रास बोलायला उभा राहिला की बसस्टँडवरची माणसं वळून पाहायची. ते गेले की ती माझ्याकडे येते. "आत्या, ते कॅसेट आहे न तुह्यापाशी?" मी आहे म्हणते. आठ वर्षांपूर्वी तूही हेच विचारलं होतंस, पाटीवर लिहून, आणि तुलाही मी आहेच म्हणाले होते.

कॅसेट आहे. ते खोटं नाही. शिलाई मशीनच्या खणात, बटणांच्या डब्यात, दोन पिशव्यांत गुंडाळून ठेवली आहे. तिच्यावर काय आहे ते मला पुरतं माहीत नाही. काय नाही, ते मात्र पक्कं माहीत आहे. तू होतास तोवर हे तोंडानं सांगायची माझी हिंमत झाली नाही, म्हणून आता लिहिते. लिहायला बसले की माझ्याकडून शाळेतली मराठी निघते. तुझ्याशी असं मी जन्मात बोलले नाही, तेवढं हसून घे.

शालिकमामाच्या मयतीहून परत आलो त्या दिवशी कॅमेऱ्याचं खूळ तुझ्या डोक्यात शिरलं. त्या वर्षांत कापसाच्या गावांतून माणसं कशी जात होती ते तुला मी काय सांगू? सकाळी कोणाच्या दारात गर्दी दिसली की कोण गेलं हे विचारायलाही जीभ उचलायची नाही. मामाच्या दारात टीव्हीवाले कॅमेरे घेऊन उभे होते. त्यांना मामाचा फोटो हवा होता. घरभर शोधून निघालं काय, तर मतदानाचं ओळखपत्र. त्यावरचा फोटो स्टुडिओवाल्यानं मोठा करून आणला तर डोळे कोणते आणि नाक कोणतं, काही कळेना. मामीनं त्याला हार घातला आणि म्हणाली, "असे नव्हते जी हे."

येताना जीपमध्ये तू माझ्या आणि एका माणसाच्या बोकडाच्या मधे दाबून बसला होतास. बोरी अरबचा फाटा मागं पडला तरी तू गप्प. तू गप्प बसलास की त्या दिवसांत माझा जीव खालीवर व्हायचा. एरवी तुला गप्प करायला वहिनीला ओरडावं लागायचं. मग एकदाचा बोललास.

"माणूस मेल्यावर घरात कॅमेरा येते, रंजे. जिता असताना काहून नाही यायचा?"

मी म्हणाले, वेडा झालास का, कॅमेरे काय आपल्यासारख्यांच्या घरात असतात? पण मला ते पटलं होतं. पटलं म्हणण्यापेक्षा त्याची धास्ती बसली. आपल्या घरात कोणाचं काय झालं तर आपल्याकडेही एक मतदानाचं कार्डच निघेल, हे मी रात्रंदिवस घोकत राहिले.

माझी भिशी लागली होती. त्यातून मला पिको-फॉलचं मशीन घ्यायचं होतं. तू दिवाळीचा बोनस काढलास, मी पिको मशीनवर पाणी सोडलं, आणि दोघं यवतमाळला गेलो. वहिनीला सांगितलं, कापड आणायला जातो. ते दुकान आठवतं? आत पाय ठेवायलाच भ्यालो होतो आपण. चपला बाहेर काढून ठेवल्या आणि दुकानदार म्हणाला, घालून या, देऊळ नाही हे.

त्यानं तीन प्रकारचे कॅमेरे काउंटरवर मांडले. एक जुन्या पद्धतीचा, मोठ्या कॅसेटचा, सगळ्यात स्वस्त. पण त्याच्या कॅसेटी यायच्या बंद होणार, असं तोच सांगत होता. दुसरा छोट्या कॅसेटचा, काडेपेटीपेक्षा जरा मोठी कॅसेट, चित्र स्वच्छ. तिसरा छोट्या तबकडीचा. काढायची, सीडी प्लेअरमध्ये टाकायची, लगेच टीव्हीवर दिसणार. मला तीच हवी होती. शेजारच्या घरी प्लेअर होता, आपल्याला नुसतं जाऊन बसायचं होतं. तुला कॅसेट. तू म्हणालास, तबकडीवर ओरखडा पडला की सगळंच मेलं, कॅसेटची फीत तुटली तर निदान जोडता येते. मी म्हणाले, तू काय जोडणार, तुला सुईत दोरा ओवता येत नाही. दुकानदार आपल्याकडे टकमक पाहत होता.

मग तू त्याला विचारलंस, की पन्नास वर्षांनी यातलं कोणतं चालेल. तो हसला. म्हणाला, पन्नास वर्षांनी माझं दुकान तरी राहील का, भाऊ? तू हसला नाहीस. तुला खरंच उत्तर हवं होतं. शेवटी तूच जिंकलास, कॅसेटचा कॅमेरा घेतला, आणि हातात उरलं त्यात दोनच कॅसेटी आल्या. तबकडीवरून मी तुझ्याशी पुढं कितीतरी वर्षं भांडले. आजही म्हणते, माझं ऐकायला पाहिजे होतंस.

पण पहिली चूक माझीच. माहितीचं पुस्तक इंग्रजीत होतं आणि बारावी झालेली मी एकटी. त्यात मला सापडलं, की एक बटण असं आहे की साठ मिनिटांच्या कॅसेटवर नव्वद मिनिटं बसतात. फीत हळू चालते, मावतं जास्त. मला काय हर्ष झाला! एका ब्लाउजपीसमध्ये ब्लाउज आणि वर पोरीची कुंची काढणारी बाई मी, मी ते बटण दाबणार नाही तर कोण? त्याच ओळीखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, की असं घेतलेलं याच कॅमेऱ्यात पाहावं, दुसऱ्यात नीट दिसेल याची खात्री नाही. ते मी वाचलं होतं, भाऊ. वाचलं आणि मनाशी म्हणाले, आपल्याला दुसरा कॅमेरा घ्यायचाय कुठं!

आणि मग आपलं रोजचं भांडण सुरू झालं. तुला कॅमेरा चालू ठेवायचा असायचा, मला बंद करायचा. वहिनी भाकरी थापते आहे, तू घेतच आहेस. अरे, तीच भाकरी, तोच तवा, किती घेणार? मी जवळ येऊन बटण दाबायची. तू म्हणायचास, चालू राहू दे न वं. घेतलेलं पाहूही द्यायची नाही मी कोणाला. फीत घासते, म्हणायची. एवढा कॅमेरा घेतला आणि आपण कधी धड बसून काही पाहिलं नाही, असं कोणी ऐकलं तर तोंडात बोट घालेल.

आता त्या दिवसाचं सांगते.

सोयाबीन यायला लागलं होतं आणि तूच मागं लागलास, की एकदा यार्डात ये, माह्यं हर्रास बोलणं घे. मी शिलाईचं दुकान बंद केलं, दुसरी कोरी कॅसेट घातली आणि आले. तू ढिगाच्या कडेला उभा, भोवती अडते आणि व्यापारी, आणि तुझा तो आवाज. दोरा तुटू न देता तू आकडा चढवत न्यायचास, आणि शेवटचा म्हणताना जरा थांबायचास. घरी तू तसा कधी दिसला नाहीस. मी चांगली पंधरा-वीस मिनिटं घेतलं आणि एकदाही बटण दाबलं नाही, एवढं मला ते आवडलं.

मग त्या म्हातारीचा ढीग आला. दोन पोत्यांचा, ओलसर. बोली चढेचना. तू तीनतीनदा ओरडलास, व्यापारी पुढच्या ढिगाकडे निघाले, आणि तू होता त्या बोलीवरच भाव तोडलास. तुझ्या हातात काय होतं? पण तिनं भाव तुझ्या तोंडून ऐकला. तिनं व्यापाऱ्याकडे पाहिलं नाही, अडत्याकडे पाहिलं नाही, सरळ तुझ्यापुढं आली.

"तुह्या जिभेले किडे पडतीन, मुडद्या. तुह्या गळ्यातून आवाज निंघणार नाही."

तू हात जोडलेस. हळू म्हणालास, की माय, भाव मी करत नाही, मी तं फक्त बोलतो. आणि मी कॅमेरा धरून उभी. सगळं आत गेलं. तिचा चेहरा, तिचं बोट, आणि ते बोल.

आपण बुद्धाच्या घरची माणसं. बाबांनी आपल्याला नजर, उतारा, शिव्याशाप यातलं काही मानू दिलं नाही, आणि तू तर अशा गोष्टींवर पोट धरून हसायचास. घरी येऊन वहिनीला तू त्या म्हातारीची नक्कल करून दाखवलीस, आणि शेवटी म्हणालास, बिचारीचं वर्ष गेलं. मी हसले नाही. मला वाटायला लागलं, ते बोल यार्डातच विरून गेले असते, पण मी ते धरून घरात आणले. माझ्या खणात, बटणांजवळ, ते बसले आहेत. चार दिवस मला मशीनवर सरळ टीप मारता आली नाही. कोणाला सांगू? बारावी शिकलेली बाई, विहारात पुढं बसून वंदना म्हणणारी, एका कॅसेटला भिते.

पाचव्या दिवशी मी कॅसेट कॅमेऱ्यात घातली, यार्डाच्या सुरुवातीपर्यंत मागं नेली, आणि कॅमेरा तुझ्या हातात दिला. म्हणाले, प्रज्ञा मागच्या अंगणात खेळून राह्यली, तिचं घे जरासं. भिंत घेऊनही पुसता आलं असतं. पण भिंतीवर कॅसेट वाया घालवायची, हे काही माझ्यानं झालं नसतं. तू खुशीत गेलास. चांगला अर्धा तास तू घेत होतास, आणि मी आत बसून शाळेचे गणवेश शिवत राहिले. तुझाच आवाज मी तुझ्याच हातानं पुसून घेतला, भाऊ.

वर्ष सरायच्या आत तुझा आवाज बसला. आधी वाटलं, ओरडून बसला. नागपूरच्या डॉक्टरांनी गळ्यातली गाठ दाखवली आणि विचारलं, सुपारी-तंबाखूचा खर्रा किती वर्षांपासून खाता. वीस, तू म्हणालास. ते तू बोललेल्या शेवटच्या काही शब्दांतलं. मला कळत होतं, की हे खर्‍याचं आहे. कितीदा तुझ्या हातातली पुडी मी हिसकावून नालीत फेकली होती. कळत होतं आणि तरी त्या दवाखान्याच्या बाकावर बसून माझ्या कानात ती म्हातारीच बोलत होती. आणि वर हे, की शापाचे बोल पुसायला गेले आणि तुझा आवाजच पुसून बसले. माझ्यासारखी शहाणी दुसरी सापडायची नाही.

ऑपरेशन होऊन घरी आलास तेव्हा गळ्याला ते छिद्र होतं. धूळ जाऊ नये म्हणून त्यावर बांधायला मी मऊ कापडाच्या गळपट्ट्या शिवून दिल्या, ब्लाउजच्या कतरणीतून, रंगीत. तू प्रज्ञाची पाटी ओढलीस आणि लिहिलंस, हर्रासची कॅसेट आहे न? मी म्हणाले, आहे, जपून ठेवली आहे. तुझे डोळे निवले. तू पुढं लिहिलंस, मले नाही ऐकायचं, पोरीसाठी ठेव. मी मान हलवली. त्यानंतर आठ वर्षं तू माझ्यावर भरवसा ठेवून जगलास, आणि मी दर वेळी तुझ्या गळपट्टीकडे पाहायची, तोंडाकडे नाही. यार्डानं तुला पावत्या लिहायला बसवलं. हो म्हणायला एक टाळी, नाही म्हणायला दोन. घरात कॅमेरा काढला की तू उठून बाहेर जायचास, म्हणून मग कोणी काढेना.

मागं मामीच्या घरच्या कार्यात मीच तो काढला, तर त्यानं आत घातलेली कॅसेट चावून टाकली. फितीचं भेंडोळं निघालं. आपल्या दोनातली एक अशी गेली, आणि तिच्यावर तुझं जे काही होतं ते गेलं. उरली ही. सोमवारी मी ती गुपचूप यवतमाळला स्टुडिओत नेली. त्याच्या मशीनवर नुसते रंगीत चौकोन आले, आवाज नाहीच. तो म्हणाला, ताई, ही हळू चालवून घेतली आहे, तुमच्याच कॅमेऱ्यात चालली तर चालेल. मी म्हणाले, तो कॅसेटी खातो. तो म्हणाला, मग एकदाच लावा. साफ करायची कॅसेट दिली त्यानं, पैसे घेतले नाहीत.

म्हणजे एकदाच लावायची. आणि तुझी पोर वाट पाहते आहे हर्रासची, जी तिथं नाहीच. लावली आणि कॅमेऱ्यानं खाल्ली, तर मी तिला सांगू शकते, खाल्ली बापा, काय करू. लावली आणि चालली, तर तिला कळेल. खरं सांगू? काल संध्याकाळी माझ्या मनात आलं, की खाल्ली तर बरं होईल. असंही वाटलं मला, भाऊ. मग मी उठून तोंड धुतलं.

इथवर काल लिहून ठेवलं होतं. आज दुपारी लावली.

आधी प्रज्ञाला सगळं सांगितलं. म्हातारी, शाप, पुसणं, पाटी, सगळं. मला वाटलं, ती उठून जाईल, ओरडेल, निदान रडेल. ती बराच वेळ माझ्या बटणांच्या डब्याचं झाकण उघडत-लावत राहिली. मग म्हणाली, लाव. शेजारच्यांचा मोबाईल मागून आणला होता तिनं, तो आवाज भरायला टीव्हीपाशी धरून बसली. वहिनी आली नाही. ती आत तांदूळ निवडत बसली आणि म्हणाली, मले नाही ऐकवत, तुम्ही ऐका.

मी बटण दाबलं. आतून करकर आली, तीच, मागच्या वेळची. मी डोळे मिटले. उघडले तर चौकोन, निळे, हिरवे, मग चौकोनांतून आपलं मागचं अंगण. टोपल्यात बसलेली दोन वर्षांची प्रज्ञा, भोवती माझी दोऱ्याची रिकामी रिळं. यार्ड नव्हतं. ढीग नव्हता. तूही कुठं नव्हतास, कॅमेरा तुझ्या हातात, तू दिसणार कसा? मनात म्हणाले, आटोपलं.

आणि कॅमेऱ्याच्या मागून, अगदी कानाला लागून, तू बोललास.

"बोला! प्रज्ञाबाईचा माल आला! एक रीळ, एक पापा. एक पापा एक... एक पापा दोन... कोण बोललं? दोन पापे!"

भाऊ, तू तिच्यासमोर हर्रास बोलत होतास. तोच आवाज, तसाच चढत जाणारा, शेवटी तसाच थांबणारा. पोरगी एक रीळ उचलून देई, तू नवी बोली लावत जायचास, आणि ती हसून हसून टोपल्यातून कलंडत होती. मधेच चौकोन यायचे, तुझा अर्धा शब्द जायचा, आणि तू पुन्हा यायचास. दहा पाप्यांवर भाव गेला, मग दुसरा माल, मग तिसरा, चांगला अर्धा तास. आतून तांदळाचं सूप ठेवल्याचा आवाज आला. वहिनी दाराशी येऊन उभी होती. प्रज्ञानं तिच्याकडे पाहिलं नाही, तिची मोबाईलवरची बोटं पांढरी पडली होती.

मग टीव्हीत माझा आवाज आला. मी हे पार विसरले होते. गणवेश टाकून मी बाहेर आले असणार.

"भाऊ, पुरे न. कॅसेट वाया चालली."

"चालू राहू दे न वं, रंजे. पोरगी हासून राह्यली."

पडद्यावर माझा हात आला. बोटाला शिवणकामाचं अंगुस्तान होतं. आणि सगळं निळं झालं.

प्रज्ञानं मान वळवली. "आत्या, तू काहून बंद केलं वं?"

मला तुझ्यासारखी एक टाळीही वाजवता आली नाही. पडदा निळाच होता, कॅमेरा आत करकरत फिरत होता, पुढं काही नाही हे आम्हा तिघींना दिसत होतं. वहिनी म्हणाली, संपलं वाटते, बंद कर आता, कॅमेरा फीत खाईन. प्रज्ञानं हात पुढं केला. मी तिचा हात धरला आणि म्हणाले, चालू राहू दे. कॅसेट शेवटपर्यंत जाऊन आपोआप थांबली तोवर आम्ही तशाच बसून होतो.